नंबर मोडायचा नाही

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे ते साचतात, आणि कोणी बटण दाबलं की सगळे एकदम अंगावर येतात. आमच्यापैकी कोणाकडे चवथीचा गणपती असो नाहीतर बारसं, जुन्या ऑफिसातले आम्ही एका बाकावर बसलो की बटण दाबायचं काम संभाचं. "बाई, ते आमोण्याचं सांगा की!" म्हणतो, आणि मी सुरू. मला गप्प बसवणं तसंही कठीण. नवऱ्याला विचारा माझ्या.

तर ऑफिस डिचोलीच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावर. खाली पाइप आणि खिळे विकायचे, वर आम्ही वेब सर्व्हर लिहायचो. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं तो काळ. मोडेमच्या किंकाळ्या संपल्या की मग कुठं कनेक्शन!

आमचे मुख्य प्रकाशबाब, जवळच्या मये गावचे. गोवा राज्य झालं तेव्हा शाळेत होते, पुढे बेंगलोरला नोकरीला गेले आणि वडील आजारी पडल्यावर परत आले. येताना कंपनीला सांगून आले, "डिचोलीत ऑफिस काढा, मी चालवतो." आणि कंपनीने काढलं की! दुसरा संभा पाटील, गडहिंग्लजचा. तो फोनवर बोलायला लागला की फोनची गरज नसायची. तिसरी मी, सुलभा, धारगळची सून, रोज बस बदलत पेडण्याकडून डिचोलीला येणारी.

काम काय? आमोण्याला मांडवीच्या काठी खनिजाचा धक्का होता. खाणीवरून ट्रक यायचे, काट्यावर वजन व्हायचं, मग माल बार्जमध्ये, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीत, आणि रिकामी गाडी परत काट्यावर. काट्यावर कॉम्प्युटर, आमच्या ऑफिसात सर्व्हर, आणि मध्ये फोनची एक तार. ट्रकचा नंबर आणि वजन तिकडून यायचं. आम्ही ते तपासून नोंदवायचं आणि स्लिप परत पाठवायची.

एवढ्याशा कामावर आमचं सगळं टांगलेलं होतं. बेंगलोरचे शेणॉयसाहेब स्पष्ट म्हणाले होते, "पावसापर्यंतचा हा मोसम बघतो. काटा नीट चालला नाही तर डिचोली बंद. ज्याला नोकरी हवी त्याने बेंगलोरला यायचं." प्रकाशबाबचे वडील अंथरुणाला खिळलेले, आणि माझं सगळं घर धारगळला. बेंगलोरला जाणार कोण? म्हणजे ऑफिस गेलं की आमची नोकरी गेली, सरळ हिशेब होता. पण मला भीती वाटत नव्हती, खरंच सांगते. राग येत होता. बघतो म्हणजे काय? बघा की!

* * *

माझ्या सासूबाई हायवेच्या कडेला भाजी घेऊन बसायच्या. एकदा मिरच्या निवडता निवडता विचारलं, "तू थंय दीसभर करतंस तरी काय गो?"

मी पदर खोचून बसलेच समजवायला. "असं धरा आई, एक गिऱ्हाईक आलं. ते म्हणतं, मिरच्या द्या, तांबडी भाजी द्या, नारळ सोलून द्या. मिरच्या हातात पडेपर्यंत थांबत नाही, मागोमाग सगळं मागून मोकळं होतं. त्याला पाइपलायनिंग म्हणतात. आम्ही सगळी कामं एकदम सुरू करायची. पण हातात देताना मागितलं त्याच क्रमाने द्यायचं."

"क्रम कित्याक? नारळ आदी सोलून झालो तर आदी दी!"

"तसं चालत नाही. उत्तरावर नाव नसतं. पहिलं आलं ते पहिल्या मागणीचं, असंच तिकडचा कॉम्प्युटर धरून चालतो. नारळ आधी दिला तर तो त्यालाच मिरच्या समजेल."

सासूबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. "नारळाक मिरच्यो समजता? असल्या गिऱ्हायकाक मी मालच दिवचंय नाय!"

* * *

आमोण्याच्या काट्यावर एक रीत होती. रांग पार वळणापर्यंत जायची. कोणी ड्रायव्हर जेवायला उतरला तर त्याचा नंबर जात नसे. मागचा ड्रायव्हर आपल्या गाडीतून उतरायचा, पुढची गाडी सरकवायचा आणि परत येऊन आपल्या गाडीत बसायचा. सावंतवाडीकडचा असो, बेळगावचा असो, कोल्हापूरचा असो, ह्या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत: नंबर मोडायचा नाही! साक्षात खाणीच्या मालकाचा ट्रक आला तरी शेपटाला.

ह्या रीतीचा रखवालदार म्हणजे काट्यावरचा कारकून गोपाळ गावस. दोडामार्गकडचा, अंगाने काटकुळा, पण त्याने खिडकीतून नुसतं बोट दाखवलं की दहा चाकांची गाडी मागे जायची.

पहिल्या दिवशी आमचा सर्व्हर झोकात सुरू झाला. ट्रकमागून ट्रकची मागणी येत होती, सगळ्यांचं काम एकदम चालू होतं. गंमत अशी, रिकाम्या ट्रकचं काम पटकन व्हायचं आणि भरलेल्याचं तपासायला वेळ लागायचा. जे आधी तयार झालं ते सर्व्हरने आधी पाठवून दिलं. क्रमाची ती ओळ लिहायची संभाची राहून गेली होती!

झालं! काट्यावर भरलेल्या गाडीला रिकामीची स्लिप, रिकामीला भरलेल्याची. सगळ्यात जुना ड्रायव्हर विठू परब. तो स्लिप घेऊन खिडकीशी आला. मागे त्याचा ट्रक, खनिजाने काठोकाठ भरलेला.

"गोपाळा, ह्या कागदार माजो ट्रक रिकामो हा," विठू शांतपणे म्हणाला. "मग मी खाणीसून हाडलंय काय? वारो?"

* * *

संभाने जेवायच्या आत ती ओळ लिहिली. आता तयार झालेलं उत्तर सर्व्हर बाजूला ठेवायचा, आणि पुढचं गेल्याशिवाय मागचं सोडायचा नाही. आम्ही खुशीत मामीच्या खानावळीत गेलो.

मामी म्हणजे बाजारातलं मोठं प्रस्थ. टेबलावर बसलं की सगळ्यांनी एका दमात सांगायचं, ती एका दमात ऐकायची. प्रकाशबाब म्हणाले, "तिसऱ्यांचं सुकं." मी आणि संभाने साधं हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, सांगितलं. तिसऱ्यांच्या शिंपल्या अजून उघडायच्या होत्या. आमच्या ताटांतून मात्र वाफ येताना दिसत होती, अगदी हाताच्या अंतरावर.

"मामी, आमचं तयार आहे ना?" संभाने विचारलं.

"तयार आसा."

"मग द्या की!"

"पयलें ताचें."

"अहो, पण भूक मला लागलीय!"

"ताका लागूंक ना?" मामीने तिसऱ्यांच्या कढईवर झाकण ठेवलं आणि पाठ फिरवली.

प्रकाशबाब हसायला लागले. म्हणाले, "हाच आता आपल्या सर्व्हरचा रोग. मागचं तयार, आणि पुढच्याने वाट अडवलेली. ह्याला औषध नाही. फक्त पुढे कोणाला उभं करायचं ते बघावं."

संभाने औषध शोधलंच. "उद्यापासून प्रकाशबाबनी शेवटी बोलायचं!"

* * *

मग लाल ठिपक्याचं प्रकरण. काट्याच्या स्क्रीनवर, उत्तर यायचं असेल तेव्हा काहीतरी दिसायला हवं. प्रकाशबाब म्हणाले, कोकणीत लिहूया. गोपाळने फोनवरून सांगितलं, मराठीत हवं, आमचे ड्रायव्हर मराठी वाचतात. संभा म्हणाला, इंग्रजीत टाका आणि विषय संपवा. त्यावर दोघेही त्याच्यावर तुटून पडले! गोव्यात भाषेचा विषय निघाला की घड्याळाकडे बघायचं नसतं. सर्व्हर लिहायला लागला नसेल एवढा वेळ त्या एका शब्दाला लागला.

शेवटी मी उठले आणि स्क्रीनवर एक लाल ठिपका काढला. "हा कोकणीतही लाल आणि मराठीतही लाल. आता कामाला लागा!"

पण ठिपका दिसला की गोपाळला राहवत नसे. तो परत बटण दाबायचा. परत ठिपका. परत बटण. प्रत्येक दाबण्याला एक नवी मागणी, आणि आमचा सर्व्हर बिचारा सगळ्या एकदम करायला घ्यायचा. एका सकाळी तो इतका धापा टाकायला लागला की पंखा लावूनसुद्धा उपयोग होईना.

दुपारी तार मोकळी झाल्यावर मी फोन केला. "गोपाळदादा, एकदाच दाबा हो! एकदा दाबलं की पोचतं."

"बाय, देवळात तुमी घांट एकदाच वाजयतात?"

मग आम्ही सर्व्हरलाच शिस्त लावली. एका तारेवरून एका वेळी ठराविकच कामं हातात घ्यायची. ती संपल्याशिवाय पुढची मागणी वाचायचीच नाही. गोपाळ बटण दाबत राहिला. दाबेना का!

* * *

तार कधी तुटेल ह्याचा भरवसा नसे. एकदा अशीच मध्येच गेली. काट्याच्या कॉम्प्युटरने बरंच काही मागितलेलं, उत्तरं थोडीच आलेली. आमच्याकडे कामं पूर्ण झाली होती, पण ते तिकडे कसं कळावं? लाईन परत आल्यावर त्याने उरलेलं सगळं पुन्हा मागितलं आणि आमच्या सर्व्हरने इमानदारीत सगळं पुन्हा नोंदवलं.

संध्याकाळी बेळगावकडच्या दत्तू ड्रायव्हरला ट्रकच्या मालकाने बोलावून पाठीवर थाप मारली. "शाबास! आज सगळ्यांत जास्त खेपा तुझ्या!" दत्तूची गाडी तर अर्धा दिवस पंक्चर होऊन उभी होती.

गोपाळने त्याला धरलं. "खरा सांगूक काय झाला तुका?"

दत्तू म्हणाला, "मी म्हटलं, सर्व्हरला माहीत असेल!"

त्यानंतर काट्यावरच प्रत्येक वजनाला एक खूणक्रमांक द्यायला लागलो. तोच क्रमांक परत आला की सर्व्हर नवीन नोंद करायचा नाही, जुनीच स्लिप परत द्यायचा. दत्तू बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

* * *

आणि मग शेणॉयसाहेब आले.

मोसम संपत आला होता. साहेब पांढऱ्या गाडीतून थेट आमोण्याला उतरले. घरी मंगळुरी कोकणी बोलणारे, आमच्याशी मोजून-मापून मराठी. म्हणाले, "आज काटा बघतो आणि निकाल सांगून जातो." मी आणि संभा काट्यावर हजर होतो, प्रकाशबाब डिचोलीत सर्व्हरपाशी. रात्रभर वडिलांपाशी जागून आलेले, तरी इस्त्रीचा शर्ट घालून.

गोपाळने आदराने आपलीच खुर्ची साहेबांना दिली. इथंच घोळ झाला. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या साहेब माणसाला काहीतरी दाबल्याशिवाय राहवतं का? साहेबांनी चष्मा वर केला आणि दाबलं: सगळ्या मोसमाचा, सगळ्या ट्रकांचा, सगळा रिपोर्ट!

मी "साहेब, नको..." म्हणेपर्यंत मागणी गेली.

मागून ट्रक येतच होते. गोपाळ बाजूला उभा राहून वाकून नंबर घालत होता, वजन घेत होता, गाडी पुढे सोडत होता. ड्रायव्हर पुढे जाऊन स्लिपसाठी थांबत होते. स्लिप मात्र एकही येईना. स्क्रीनवर लाल ठिपका, आणि बाहेर हळूहळू हॉर्न सुरू झाले.

"बंद पडलं," शेणॉयसाहेब म्हणाले. आवाजात जरासुद्धा आश्चर्य नव्हतं.

"बंद नाही पडलं साहेब. ह्या सगळ्यांचं काम तिकडे झालेलं आहे. उत्तरं तयार आहेत. तुमचा रिपोर्ट पुढे आहे म्हणून थांबलीत."

"तुला कसं माहीत? इथून दिसतं?"

दिसत नव्हतं. प्रकाशबाबना विचारायचं तर फोनची तार एकच, आणि तिच्यावर साहेबांचा रिपोर्ट बसलेला. पण तो सर्व्हर आम्ही लिहिला होता, त्याची नस न नस मला ठाऊक होती. "दिसत नाही," मी म्हटलं, "पण माहीत आहे."

संभा घामाघूम झाला होता. तो माझ्या कानाशी आला. त्याचं कानात बोलणं म्हणजे अख्ख्या धक्क्याने ऐकलं. "बाई, तार उपटतो आणि नव्याने लावतो!"

"हात लावशील तर बघ! तयार उत्तरं सगळी जातील आणि रिपोर्ट पहिल्यापासून सुरू होईल. गप्प उभा राहा." बोलले खरी, पण डोळ्यासमोर धारगळचं घर, आणि मयेला अंथरुणावर पडलेला तो म्हातारा जीव. एका लाल ठिपक्यामागे सगळं अडकलं होतं.

हॉर्न वाढले तसे साहेब अस्वस्थ झाले. तेवढ्यात विठू परब खिडकीशी आला. "काय झाला रे गोपाळा?"

"सायबांचा मोठा काम फुडे हा," गोपाळ म्हणाला.

शेणॉयसाहेब चटकन उठले. "नाही, नाही! माझं राहू दे. काढून टाका माझं. ह्यांना आधी जाऊ दे."

विठूने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू कोणी देवळात चपला घालून शिरलंय. "तसा कसा सायबानू? तुमी आदी इलात. तुमचो नंबर फुडे."

"अहो, पण मीच सांगतो, तुम्ही जा."

"आमी नंबर मोडणव नाय," विठू म्हणाला. मागे उभ्या ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. दत्तूसुद्धा! "तुमी उबे रवा. आमी रवतव."

आणि साहेब उभे राहिले हो! ड्रायव्हरांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे, हातात कोणीतरी दिलेला चहाचा ग्लास घेऊन. हॉर्नही थांबले. नंबर कोणाचा ते कळल्यावर कुणाची तक्रार नव्हती.

चहा संपायच्या सुमारास प्रिंटर खरखरला. रिपोर्ट यायला लागला. पान, मग पान, मग आणखी पान. सगळे त्या कागदाकडे बघत होते. शेवटचं पान खाली पडलं, ठिपका गेला, आणि लगेच कुठंही न थांबता स्लिपा सुरू! एकीमागून एक, एकीमागून एक. गोपाळ फाडत होता आणि खिडकीतून नंबर पुकारत होता. विठूची विठूला, दत्तूची दत्तूला. भरलेली ती भरलेली, रिकामी ती रिकामी. एक स्लिप इकडची तिकडे नाही. बघता बघता पुढचं आवार रिकामं झालं आणि ट्रक धक्क्याकडे लागले.

शेणॉयसाहेबांनी एक स्लिप उचलून तिच्यावरची नोंदीची वेळ बघितली. मग आपल्या रिपोर्टची बघितली. "हे काम माझा रिपोर्ट चालू असतानाच झालं होतं?"

"तेच तर मघापासून सांगतेय!" माझा आवाज जरा चढलाच. चढू दे!

इतक्यात प्रकाशबाब स्कूटरवरून आले. लाईनवर कोणीतरी एवढा मोठा रिपोर्ट मागितलाय ते त्यांना तिकडे दिसत होतं आणि फोन लागत नव्हता. केस विस्कटलेले, शर्टाची इस्त्री गेलेली. साहेबांना नमस्कारही न करता म्हणाले, "साहेब, ऑफिसचं काय ते सांगा. घरी वडील विचारतात. मला त्यांना आज काहीतरी सांगायचं आहे."

सगळे साहेबांकडे वळले.

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमचं उत्तर तयार आहे. पण तुमच्या आधी हुबळीच्या ऑफिसने विचारलंय. त्यांचं गेल्याशिवाय तुमचं मला देता येत नाही." चेहरा असा कोरा की त्यावरून काही वाचता येईना. रिपोर्टची गुंडाळी काखेत मारून ते गाडीत जाऊन बसले.

गाडी सुरू झाली. प्रकाशबाब नुसते बघत उभे होते. दोन हात पुढे जाऊन गाडी थांबली आणि काच खाली झाली.

"सुलभाबाय, तो लाल ठिपका फार बारीक आहे. पुढच्या मोसमात मोठा करा, मला चष्म्यातून दिसत नाही."

कोणी काही बोलायच्या आधी काट्याच्या खिडकीतून गोपाळ कमरेपर्यंत बाहेर आला आणि बोट रोखून ओरडला, "ओ सायबानू! नंबर मोडलात!"